दुपारचं पाणी

शिलाईवाल्या बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात घडी घातलेला पडदा होता. लिफ्टमध्ये दोन-चारदा मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती, त्यामुळे मला वाटलं काहीतरी विकायला आल्यात, आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी तो पडदा माझ्या हातांवर ठेवला. ओला होता. जड, गार, आणि बंद कपाटात दिवसचे दिवस पडून राहिलेल्या कपड्याला येतो तसला कुबट वास त्याला येत होता. "तुमचं पाणी माझ्या कपाटात येतंय," त्या म्हणाल्या. भांडायच्या सुरात नाही, उलट जरा थकल्यासारख्याच. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, कारण भांडायला मी कुणाला हार जात नाही. मग त्यांनी सांगितलं की त्या घरीच पडदे शिवतात, एका गिऱ्हाइकाचे सोळा पडदे शिवून कपाटात ठेवले होते, त्यातले तळचे सहा गेले, आणि ते कपाट आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली आहे. मी माफी मागितली, उद्याच प्लंबरला बोलावते म्हटलं, पडदा परत दिला, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून तिथेच उभी राहिले. घर घेऊन सहा महिने झाले नाहीत तोवर हे काय मागे लागलं, असं कुणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं. पण खरी भीती ती नव्हती. आतल्या खोलीत बाबा होते, आणि बाबांना भिंतीत पाणी ऐकू येतं, ही गेल्या तीन महिन्यांतली आमच्या घरातली सगळ्यात मोठी काळजी होती.

हे नीट सांगायला हवं. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त केली. आई गेल्यावर दोन वर्षं जुन्या घरी एकटे राहिले, मग मी हे घर घेतलं ते त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून, लिफ्ट बघून. त्यांना यायचं नव्हतं. मीच आणलं. येताना त्यांनी स्वतःची लोखंडी खाट, एक हत्यारांची पेटी आणि चार कपडे एवढंच आणलं, आणि महिनाभर पाहुण्यासारखे राहिले. पाणी प्यायलासुद्धा विचारायचे. मग एक दिवस मी कामावरून आले तर म्हणाले, पोरी, दुपारी या भिंतीत पाणी वाहतं. मी म्हटलं, वाहत असेल, वरच्यांचं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावला. ठार शांत. रविवारी मी दिवसभर घरी होते, दर तासाला जाऊन ऐकलं, काही नाही. आणि इथे माझा धंदा आडवा आला, कारण मी लोकांचे कान तपासते. पंचवीस वर्षं तेच करतेय. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माझी एक छोटी खोली आहे, त्या खोलीत काचेची आणखी छोटी खोली, तिच्यात माणूस बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून बारीक-मोठे सूर पाठवते, ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं, मी कागदावर खूण करायची, त्या खुणा जोडून आलेख होतो. किती जण ऐकू न येताच बटण दाबतात ते सांगितलं तर खोटं वाटेल. बहिरं ठरायची लाज वाटते, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बघत अंदाजाने दाबतात. मला ते लगेच कळतं. माझ्यासमोर कानांच्या बाबतीत कुणाची डाळ शिजत नाही, असा माझा तोरा होता.

बाबांचे कान मीच तपासले होते, आणि चांगलेच मंद निघाले होते. यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येतं, काढलं तर दाराची बेल वाजली तरी पत्ता नाही. आता ते दुपारी जेवून आडवे होताना यंत्र काढून ठेवतात. म्हणजे पाणी ऐकू येतं कधी, तर यंत्र काढल्यावर. इथे माझी खात्री पटली. हे आमच्या पुस्तकातलं पहिल्या पानावरचं उदाहरण आहे, मंद कानाच्या माणसाला शांततेत आवाज येतात, शिट्टी येते, घंटा येते, कुणाला पाणीही येतं. कान ऐकत नाही म्हणून डोकं स्वतःच काहीबाही ऐकवत बसतं. मी बाबांना समोर बसवून हे सगळं समजावलं, पेशंटला समजावते त्याच आवाजात, आणि हॉस्पिटलातलं माहितीपत्रकसुद्धा हातात दिलं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाले, पण पोरी, हे इकडे आहे, आणि उशाकडच्या भिंतीवर हात ठेवला. मी म्हटलं, बाबा, आलेख खोटं बोलत नाही. ते वाक्य मला आजही तोंडातल्या खड्यासारखं आठवतं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्याही गोष्टी होत होत्या. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. एकदा गॅस चालू राहिला, दूध करपून भांडं काळं झालं. एकदा मी आत आले तर ते आईला हाक मारत होते, आणि मला पाहून एकदम गप्प झाले. मी धाकट्याला फोनवर सांगितलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, दूर देशी असतो, आणि दूर असणाऱ्यांना सगळं फार स्पष्ट दिसतं. तो म्हणाला, ताई, तू दिवसभर बाहेर, ते एकटे, भिंतीत पाणी ऐकतात, उद्या काही झालं म्हणजे? डॉक्टरला तरी दाखव. त्यानेच ती जागा शोधली, म्हाताऱ्या माणसांना चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात तशी. मी जाऊन बघून आले. स्वच्छ होती, माणसं चांगली होती, खिडकीतून झाडं दिसत होती, आणि बाहेर आल्यावर मी बसस्टॉपवर बसून रडले. तरी फॉर्म आणला, त्यालाही महिना उलटला. आता एक खोली रिकामी होत होती, येत्या सोमवारपर्यंत कळवा असा त्यांचा फोन आला होता. फॉर्म स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, सुऱ्या-चमच्यांच्या खाली. आणि एक चांगलं झालं असं मला वाटत होतं, की गेला महिनाभर बाबांनी पाण्याचं नाव काढलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, नाही, आता नाही येत. माहितीपत्रकाचा उपयोग झाला, असं मी धाकट्याला सांगितलंसुद्धा.

शिलाईवाल्या बाई येऊन गेल्या तो मंगळवार. बुधवारी प्लंबर आला, साठीच्या आतबाहेरचा, बुटका, सावकाश बोलणारा माणूस, बूट दाराबाहेर काढून आत येणारा. मला तो बघताक्षणी पटला, कारण त्याने आल्याआल्या काही फोडलं नाही. आधी खाली जाऊन बाईंचं कपाट बघून आला. मग आमच्या बाथरूमच्या जाळीत निळा रंग ओतून दोन बादल्या पाणी सोडलं आणि तासभर वाट बघितली. खाली निळं काही उतरलं नाही. म्हणजे सांडपाण्याचा नळ नव्हे, तो म्हणाला. मग मुख्य चावी आणि सगळे नळ बंद करून त्याने पाण्याच्या लाइनवर जोर दाखवणारी काट्याची एक तबकडी बसवली, आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हलत नव्हता, म्हणजे डोळ्यांना हलताना दिसत नव्हता, पण मी चहा करून आणेपर्यंत तो एका रेघेने खाली आलेला होता. घरातला प्रत्येक नळ कोरडा, आणि तरी कुठेतरी, माझ्या भिंतींच्या आत, पाणी हळूहळू निघून चाललं होतं. मी या घरात पाच-सहा महिने राहत होते, झाडत होते, पुसत होते, आणि आत असं काही चाललं होतं ते मला माहीतच नव्हतं. पेशंटच्या कानात दिवा घालून बघते तेव्हा पडद्यापर्यंत दिसतं, त्याच्या पलीकडे काय आहे ते सुरांवरून ओळखायचं असतं. या भिंतीला मी काय विचारणार होते? प्लंबर म्हणाला, पाणी लबाड असतं मॅडम, शिरतं एकीकडे, निघतं दुसरीकडे, मधला रस्ता त्याचा त्यालाच माहीत.

तेव्हाच मला बाबांना विचारायला हवं होतं. सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी लगेच स्वतःशीच वाद घातला. बाबांची खोली बाथरूमला लागून नाही, मध्ये अडगळीची अरुंद जागा आहे. त्यांच्या भिंतीवर ओलीचा ठिपकासुद्धा नाही, रंग कालच दिल्यासारखा. आणि मुख्य म्हणजे त्यांचा कान. ज्या माणसाला बेल ऐकू येत नाही त्याला थेंब ऐकू येतो, असं म्हणणारी मी पहिली नसते, रोज नातेवाईक येऊन हेच सांगतात, आणि मी त्यांना आलेख दाखवते. गुरुवारी मी कामावर गेले. प्लंबरने शॉवरखालच्या चार फरशा काढल्या, त्यामागची वीट खरवडली, आणि संध्याकाळी मी आले तेव्हा बाथरूमच्या भिंतीला एक मोठं भगदाड होतं आणि ते हाडासारखं कोरडं होतं. तो म्हणाला, आता उद्यापासून सगळंच फोडावं लागेल, कमोडपासून सुरुवात करतो. बाबा दारात उभे राहून भगदाडाकडे बघत होते. त्यांनी बघितलं ते बरोब्बर भगदाडाकडे नाही, थोडं डावीकडे, अडगळीच्या बाजूला. मग मी बघतेय असं लक्षात आलं तसे ते आत निघून गेले. त्यांचं ते घाईघाईने जाणं मला खटकलं. आगारात असताना त्यांचा साहेबसुद्धा त्यांना घाई करायला लावू शकत नसे.

शुक्रवारी मी रजा टाकली. प्लंबर अकराला येऊन छिन्नीला धार लावत बसला होता. जेवणं झाली, बाबा हात पुसत होते, आणि मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "बाबा, ते पाणी दुपारी ऐकू यायचं ते कुठे म्हणाला होतात?" त्यांचा हात टॉवेलवर थांबला. माझ्याकडे बघायला लागले. तो चेहरा मी ओळखते, पंचवीस वर्षं रोज काचेतून बघते: ऐकू काय येतंय ते न बघता माझ्या तोंडावर उत्तर शोधणारा. "नाही," ते म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही. मी अगदी बरा आहे." मी म्हटलं, अहो खरंच विचारतेय, गळती सापडत नाहीये. ते म्हणाले, तो कानाचा दोष होता, तूच सांगितलंस, आता गेला तो. आणि मग जरा थांबून, एखाद्या मुलाने पाढा म्हणून दाखवावा तसं, आज शुक्रवार, तारीख अमुक, तू आज रजा घेतलीस, सकाळी गॅस मी स्वतः तपासून बंद केला, असं एकेक सांगत गेले. या माणसाला फॉर्मचं माहीत होतं. सुऱ्या-चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे जिथून ते रोज दुपारी स्वतःचा चमचा काढून घेतात तिथे, मी फॉर्म लपवला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. महिनाभर पाणी वाहतच होतं, आणि हे खाटेवर पडून ते ऐकत होते आणि मी आले की नाही म्हणत होते, कारण हो म्हटलं की इथून जावं लागेल. माझ्या घरात राहायला मिळावं म्हणून माझे वडील माझ्याशी खोटं बोलत होते, आणि मी त्याला सुधारणा म्हणत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी त्यांच्या खोलीत गेले. का गेले ते धड सांगता येणार नाही. प्लंबरला म्हटलं, जरा पंधरा मिनिटं काही ठोकू नका. मग त्यांच्या खाटेवर आडवी झाले, ते पडतात तशी, पाठीवर, पाय सरळ. आणि पडल्यावर पहिल्यांदा कळलं की त्यांची उशी पातळ आहे, आणि ते उंच आहेत, त्यामुळे डोकं उशीवरून वर सरकून खाटेच्या लोखंडी कठड्याला टेकतं, आणि कठडा भिंतीला चिकटलेला आहे. मी वर सरकले. टाळू लोखंडाला लागली. गार होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, स्वयंपाकघरात भांडं वाजलं, आणि मग मला आठवलं की त्यांना तर यातलं काहीच ऐकू येत नसणार. मी दोन्ही कानांत बोटं घातली.

आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग श्वास. मग लिफ्ट, कुठूनतरी खालून एक लांब घरघर वर आली, माझ्या कवटीतून गेली आणि थांबली. मग शिलाईचं यंत्र, दोन-तीन फटकाऱ्यांत, मध्ये थांबून, पुन्हा. खालच्या बाई भिजलेल्या पडद्यांच्या जागी नवे शिवत होत्या. कुणाचातरी दरवाजा. कुणाचीतरी खुर्ची सरकली. मी कानांत बोटं घालून पडले होते आणि आख्खी इमारत माझ्या डोक्यात चालत-फिरत होती, आणि या सगळ्याच्या खाली, बारीक, एकसारखं, कधीचं चाललेलं आणि कुणासाठी न थांबणारं, पाणी होतं. मला वाटलं भास आहे. बोटं काढली, गेलं. घातली, आलं. डोकं लोखंडापासून उचललं, गेलं. टेकवलं, आलं. ते डावीकडून येत होतं, थोडं वरून, मध्येच किंचित अडखळत, आणि इतकं स्पष्ट की हात लांब केला तर ओला होईल. मी नुसती पडून राहिले. कितीतरी दिवसांनी मला कशापुढे तरी लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते बरं वाटलं.

आणि मग आलेख आठवला. हा कागद मी माझ्या हाताने काढलेला. त्यावर दोन रेघा असतात. एक हेडफोनची, म्हणजे आवाज हवेतून कानात जातो त्याची. बाबांची ती रेघ पार तळाला गेलेली. दुसरी रेघ हाडाची. कानामागच्या हाडावर एक छोटी डबी बसवतो आणि सूर थेट हाडातून आत पाठवतो, रोज, प्रत्येक पेशंटला. बाबांची ती रेघ वर होती. चांगली वर, माझ्या वयाच्या माणसाला शोभेल इतकी. त्यांचं आतलं यंत्र शाबूत आहे, फक्त मधली बारीक हाडं आखडलीत, म्हणून बाहेरचं आत पोचत नाही. हे निदान मीच केलं होतं. बाहेरचा गलका आत येत नाही म्हणून हाडातून येणारं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच ऐकू येणार, हेही मी शिकाऊ मुलींना दरवर्षी शिकवते, कानांत बोटं घालून दाखवते. आणि माझे वडील रोज दुपारी डोक्याचं हाड भिंतीला लावून पडत होते. बरं, दुपारीच का, तेही प्लंबरने नंतर दोन वाक्यांत उलगडलं: दुपारी इमारतीत कुणी नळ सोडत नाही, नळांतला जोर वाढतो, गळती मोठी होते, संध्याकाळी आणि रविवारी सगळे घरी, सगळे नळ चालू, जोर उतरतो, आवाज बंद. म्हणजे मी घरी असेन तेव्हा ते पाणी गप्पच राहणार होतं. पंचवीस वर्षं कान तपासणाऱ्या बाईखेरीज ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. दुसरा कुणी म्हणाला असता, म्हातारा पाणी म्हणतोय ना, बघू या एकदा फोडून.

बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर, काचेच्या खोलीत बसवल्यासारखे. मी समोर जमिनीवर बसले. मी म्हटलं, "बाबा, मला ऐकू आलं. तुमच्या जागी पडले आणि ऐकू आलं. मी चुकले." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मला कळत होतं की ते अजून तपासतायत, हाही एक सूरच आहे का, बटण दाबावं की नाही. मग मी सांगितलं, डावीकडून येतं, जरा वरून, आणि मध्येच अडखळतं. तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. "तीनदा वाहतं आणि मग अडखळतं," ते म्हणाले. "आत काहीतरी सुटं आहे. मला पहिल्या दिवसापासून वाटतंय." आणि उठले, आणि पेटीतून हातभर लांबीचा पेचकस काढला.

पुढचं मी दारात उभी राहून बघितलं. लहानपणी आगारात त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा हे बघितलं होतं आणि साफ विसरून गेले होते. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचे, लाकडी मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे कुठला भाग खराब आहे. कान मंद व्हायला लागले तेव्हा मूठ दातांत धरायला लागले. लोक हसायचे. आम्हीही हसायचो, मी तर वर्गात नक्कल करून दाखवायचे. आता एक्क्याऐंशी वर्षांचे बाबा कानातलं यंत्र काढून, मूठ दातांत धरून, डोळे मिटून, त्या स्वच्छ कोरड्या रंगवलेल्या भिंतीवरून पेचकसाचं टोक वीतवीत सरकवत होते. टेकवायचे, थांबायचे, उचलायचे. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. प्लंबर छिन्नी खाली ठेवून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं त्याला आदरच म्हणावा लागेल. कारागिराला कारागीर कळतो. बाबा खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, बाहेर आले, अडगळीच्या जागेत शिरले, सुटकेसी बाजूला करवल्या, आणि खांद्याएवढ्या उंचीवर एका जागी थांबले ते हललेच नाहीत. त्यांचे मिटलेले डोळे, दातांतली मूठ, भिंतीवर सपाट ठेवलेला डावा हात. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि रुपयाएवढं वर्तुळ केलं. म्हणाले, इथे.

प्लंबर म्हणाला, काका, इथे नळ असायचं काही कारणच नाही. बाबांनी यंत्र काढलेलं होतं, त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, फोडा. त्याने मोठा घण घेतला नाही, बारीक छिन्नीने वर्तुळामागची वीट कडेकडेने सैल केली आणि हाताने ओढून काढली, आणि आतून गार हवा आली आणि पाण्याचा आवाज मोकळा झाला, सगळ्यांना ऐकू येईल असा. आम्ही विजेरी लावून आत बघितलं. घराच्या आधीच्या मालकाने कधीकाळी इथे हात धुवायचं बेसिन बसवलेलं असणार, मग काढून टाकलं, नळाच्या तोंडाला टोपण लावलं, वर वीट, वर रंग, आणि विसरून गेला. टोपण गंजून अर्धवट सुटलं होतं, पाण्याच्या जोराने उचललं जायचं आणि पुन्हा बसायचं. भिंतीच्या दोन थरांमध्ये पोकळी होती, तिच्यातून पाणी खाली उतरून, नळाच्या अंगाअंगाने दहा फूट आडवं जाऊन, बाईंच्या कपाटात निघत होतं. माझ्या भिंतीला त्याने कुठे शिवलंसुद्धा नव्हतं. विजेरीच्या उजेडात ते टोपण उचललं जाताना आणि बसताना आम्हाला दिसत होतं. तीनदा वाहायचं, मग अडखळायचं. प्लंबरने मोजलं, मीही मोजलं. भिंतीला कान असतात म्हणे, तो म्हणाला, इथे तर उलटंच झालं, कानाला भिंत लागली. तो स्वतःच हसला. मला हसता येईना, कारण बाबांनी त्या भोकात हात घातला होता आणि पाणी बोटांवरून जाऊ देत होते, अगदी हलकेच, जसं काही ते जिवंत आहे.

नवं टोपण बसायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काटा लावून बघितला, जागचा हलला नाही. मी खाली जाऊन शिलाईवाल्या बाईंना सांगून आले. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांना एक पडदा शिवून देते, माप पाठवा. वर आले, चहा टाकला, आणि बाबांसमोरच त्या जागेच्या लोकांना फोन लावून खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं. ड्रॉवर उघडून फॉर्म काढला आणि फाडला. धाकट्याचा फोन आला, डॉक्टरकडे जाऊन आलात का विचारत होता, त्याला म्हटलं, नाही रे, प्लंबर आला होता. मी फार खुशीत होते. सगळं मिटलं असं मला वाटत होतं, आणि मी बोलतच होते, बाबांचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा कसं ठिकाणावर आहे वगैरे.

बाबांनी यंत्र कानात बसवलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पाणी खरं निघालं म्हणून सगळंच खरं समजू नकोस, पोरी." ते म्हणाले, चष्मा फ्रिजमध्ये मीच ठेवला होता, का ते मला आठवत नाही. दूध करपलं तेही मीच. आणि तुझी आई हाक मारते. परवाही मारली. मी ओ देतो. ती भिंतीतून येत नाही, डोकं उचललं तरी येत राहते, म्हणून मला माहीत आहे ती कुठून येते. महिनाभर मी दुपारी तेच करत होतो, एकदा पाणी ऐकायचं, एकदा तिला ऐकायचं, आणि दोन्हींतला फरक अजून कळतोय ना ते बघायचं. हे सगळं त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, इंजिनाबद्दल सांगावं तसं, की मला रडायलाही जमेना. पंचवीस वर्षांत मी कुणाची इतकी कडक तपासणी केलेली नाही, जितकी ते स्वतःची करत होते.

"अजून कळतो," ते म्हणाले. "ज्या दिवशी कळेनासा होईल त्या दिवशी मी सांगेन. मग पाठव मला तिकडे, मी कुरकुर करणार नाही."

मी विचारलं, "आणि सांगायचं तुमच्या लक्षातच आलं नाही तर?"

भिंतीतलं भोक अजून उघडंच होतं, सुकायला ठेवलेलं, आणि आत आता काही आवाज नव्हता.

"तर तू सांग," ते म्हणाले. "पण आधी माझ्या जागी पडून बघ. मग सांग."

मी हो म्हटलं.